केराचा आठवडा

“साम्राज्यं बुडतात, भिंती पडतात, माणसं काय, मरतातच, पण हिर्शलिंगनचा पंप गळत नाही!” नेगेले मास्तर टेबलावर मूठ आपटून म्हणाले, आणि दुसऱ्या हातातल्या कपातली कॉफी त्यांच्या विजारीवर गळू लागली.

कप तसा चांगला होता. कान तीनदा चिकटवलेला आणि एका अंगाला काठापासून निम्म्यापर्यंत चीर, एवढंच. तेवढ्यासाठी अख्खा कप टाकून द्यायची पद्धत दक्षिण जर्मनीतल्या त्या खोऱ्यात नाही. चिरेची बाजू वर राहील असा जरा तिरका धरला की कप उत्तम चाले. मास्तर आवेशात आले की मात्र तो सरळ धरत, आणि मग असं होई.

“पंपाचं उद्या कळेल, मास्तर,” शॉयफेलेबाई मीटरवरची नजर न काढता म्हणाल्या. “तुम्ही मात्र आजच गळताय.”

“हसा, बाई, हसा.” मास्तरांनी खिशातून घडीचा फडका काढला. आधी टेबल पुसलं, मग फरशीवर पडलेले थेंब पुसले, आणि जे उरलं ते विजारीच्या वाट्याला आलं. माणसापेक्षा फरशी आधी, हा क्रम त्यांना कुणी शिकवला नव्हता. तो त्यांच्या आईच्या दुधातून आला होता.

मोटारीच्या इंजिनात पाणी फिरवणारा एक पंप असतो. तो कुणाला दिसत नाही. ज्याला दिसतो त्याची गाडी रस्त्याच्या कडेला वाफ सोडत उभी असते. असे पंप बाजारात जाण्याआधी मरेस्तोवर छळायचे, हे हिर्शलिंगनच्या कारखान्यातल्या या हॉलचं काम. भिंतीत जाड लोखंडी दाराची एक खोली बसवलेली होती. तिच्यात पंप फिरता ठेवायचा, त्यातलं पाणी उकळत्यापलीकडे तापवायचं, आणि तो कुठे रुळतोय तोवर सगळं गोठवून उणे चाळीसवर न्यायचं. मग पुन्हा तापवायचं. सहारा आणि सायबेरिया यांच्यामध्ये पंपाला दम खायलाही सवड मिळत नसे. मास्तरांनी उभं आयुष्य हे केलं होतं. घरी मात्र ते माशीसुद्धा मारत नसत. खिडकी उघडून तिला वाट दाखवत.

एके काळी हॉलमध्ये एवढी माणसं होती की दुपारच्या जेवणाला बाक पुरत नसत. आता बाक पुरून उरत. मास्तर, मोजमापं बघणाऱ्या शॉयफेलेबाई, आणि जोडणी करणारा नुरेत्तिन, असे तिघेच राहिले होते. नुरेत्तिनचा बाप तुर्कस्तानातून इथे ओतकामाला आला. नुरेत्तिन इथेच जन्मला, आणि खोऱ्यातली बोली इतकी ठसक्यात बोलायचा की उत्तरेकडच्या मुख्य कचेरीतून कुणी आलं की त्याचं बोलणं उलगडून सांगायला शॉयफेलेबाई लागत. मास्तरांचं पाळण्यातलं नाव गोटहिल्फ, म्हणजे देव मदत करो. देवाने अजून मनावर घेतलं नव्हतं.

बर्लिनची भिंत पडून सहा-सात वर्षं झाली होती आणि पूर्वेकडे सगळं स्वस्त मिळू लागलं होतं. मुख्य कचेरीने तिकडच्या एका कारखान्याकडून आपल्यासारखाच पंप बनवून घेतला होता. दिसायला जुळा भाऊ, किंमत निम्मी. वसंतात संचालक डॉक्टर हार्म्स स्वतः येऊन सांगून गेले होते. ते आवाज न चढवता बोलत, आणि म्हणूनच त्यांची जास्त भीती वाटे.

“दोन्ही पंप एकाच खोलीत शेजारीशेजारी लावा, नेगेले. एकच पाणी, एकच उष्णता, एकच थंडी. तुमचा टिकला आणि त्यांचा गळला, तर कारखाना इथे राहील आणि हॉलही राहील. दोन्ही सारखे निघाले तर मात्र… माझ्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतंत?”

मास्तरांनी ‘स्वस्तातला घेतला असता’ हे उत्तर गिळलं. चिकटवलेल्या कपाचा माणूस. त्यांना दुसरं उत्तर येतच नव्हतं.

तेव्हापासून दोन्ही पंप खोलीत फिरत होते. गुरुवारी दुपारी यंत्र थांबायचं होतं आणि शुक्रवारी सकाळी डॉक्टर हार्म्स बघायला यायचे होते. फोटो काढायचा कॅमेरा मुख्य कचेरीचा. तो तेच घेऊन येणार होते. हॉलमध्ये दुसरा कॅमेरा आणायला मनाई होती, कारण हॉलमध्ये गुपितं असतात अशी मुख्य कचेरीची समजूत होती.

आता बघायचं काय, तर एक भोक. प्रत्येक पंपाच्या पोटाखाली काडी जाईल एवढं भोक असतं. आतलं सील शाबूत असेल तर ते कोरडं राहतं. सील झिजलं की तिथून पाणी झिरपतं, पण इतकं थोडं की टाकीतली पातळी हलत नाही आणि बाईंचा एकही मीटर जागा होत नाही. तापलेल्या खोलीत ते खाली पडायच्या आत वाळतं. मागे राहते फक्त एक गुलाबी पापडी, कारण गाडीच्या पाण्यात घालायचं ते औषध गुलाबी असतं. कोट्यवधींचा सौदा शेवटी त्या डागावर ठरे. डाग आहे की नाही, बस्स.

आणि डागाबाबत एक नियम होता. यंत्र थांबल्यानंतर जो थेंब पडेल तो धरायचा नाही. हा नियम खुद्द नेगेले मास्तरांनी भांडून करून घेतला होता. फार पूर्वी एका गाडीवाल्या बड्या कंपनीचा माणूस पंप सोडवताना पडलेला थेंब दाखवून त्यांचा अख्खा माल नापास करून गेला होता. मास्तर तेव्हा तरुण होते. ते थेट संचालकांच्या दारात जाऊन उभे राहिले होते आणि नियम हातात घेऊनच परतले होते. आयुष्यात त्यांनी जिंकलेली ती एकच लढाई.

सगळ्या गोष्टींत एक गोष्ट सांगायची राहिली. त्या आठवड्यात केराच्या पाळीची पाटी मास्तरांच्या कपाटावर टांगलेली होती.

त्या खोऱ्यात घराघरांत ही पाटी असते. जिन्यातल्या बिऱ्हाडांमध्ये ती दर आठवड्याला एका दारावरून दुसऱ्या दारावर जाते, आणि ज्याच्या दारावर ती लटकते त्याने जिना, तळघर, अंगण आणि समोरचा रस्ता झाडायचा. घाण असो वा नसो. घाण नसेल तर जास्तच झाडायचं, कारण नाहीतर घाण नव्हती हे लोकांना कळत नाही. पाटी शनिवारी दुपारी पुढे सरकते. तोवर देव, सरकार आणि मरण यांनी वाट पाहायची असते. मुख्य कचेरीने हॉलमधल्या झाडूवाल्यांना कायमची रजा दिली, तेव्हा मास्तरांनी घरचीच पद्धत हॉलला लावली. पाटी त्यांच्या बायकोने रंगवली होती. वर एक केरसुणी, खाली दोन फुलं. मास्तरांनंतर शॉयफेलेबाईंची पाळी येई, आणि बाई पांढरा रुमाल सगळीकडे फिरवून बघितल्याशिवाय पाटी हातात घेत नसत. एकदा त्यांनी नुरेत्तिनला दिव्याच्या टोपीवरची धूळ दाखवून परत पाठवलं होतं.

“बाई, तिथे शिडी लावल्याशिवाय कुणाला दिसत नाही,” नुरेत्तिन म्हणाला होता.

“मी शिडी लावली होती,” बाई म्हणाल्या होत्या.

गुरुवारी दुपारी यंत्र थांबलं. खोली माणसाला सोसवेल इतकी निवाली, आणि मास्तरांनी दाराचा दांडा फिरवला. आतून गरम लोखंडाचा आणि गोडसर औषधाचा वास आला. तिघेही वाकले. आधी आपल्या पंपाखाली बॅटरी गेली. भोक कोरडं, नुकतं कारखान्यातून आल्यासारखं. मग बॅटरी शेजारच्या पंपाखाली सरकली.

पापडी होती. भोकापासून निघून पंपाच्या पोटावरून खाली उतरलेली, नखाएवढी रुंद, गुलाबी.

 नुरेत्तिनने टोपी काढली.

“बाई,” शेवटी मास्तर म्हणाले, “मला दिसतंय तेच तुम्हाला दिसतंय ना?”

“दिसतंय.” बाई आणखी खाली वाकल्या. “मोतीबिंदू तुम्हाला आहे, मला नाही.”

“गळला रे!” नुरेत्तिनने मास्तरांच्या पाठीत अशी थाप मारली की त्यांचा चष्मा नाकावरून उतरला. “जुळा भाऊ गळला! मास्तर, तुमचा देव जागा झाला!”

मग बाईंनी गाडीतून सफरचंदाच्या आंबलेल्या रसाची बाटली आणली. ती त्यांच्या तळघरातली, एरवी कुणाच्या बारशालासुद्धा उघडायच्या नाहीत. नुरेत्तिन दारू पीत नसे. त्याने लोणी लावलेला वळसेदार पाव दोन हातांनी तोडून खाल्ला आणि बायकोला फोन करून तुर्की आणि खोऱ्यातली बोली यांची मिसळ करून काहीतरी ओरडला. मास्तरांनी दोन घोट घेतले आणि तिसऱ्याला त्यांचे डोळे भरून आले. आपण ज्या हॉलमध्ये उमेदवार म्हणून झाडू मारत आलो त्याच हॉलमधून काठी टेकत बाहेर पडू, हे त्यांना त्या घोटात पहिल्यांदा दिसलं. दहा-बारा वर्षं तरी. नुरेत्तिनच्या मुलींची लग्नं होईपर्यंत.

“उद्या हार्म्सचं तोंड बघायचंय मला,” बाई म्हणाल्या. “फोटो काढेल तेव्हा त्याला म्हणणार, जरा हसा.”

“बाई, तुम्ही काही म्हणायचं नाही,” मास्तर म्हणाले. “पंप बोलेल.”

चार वाजता दोघं घरी गेले. निघताना बाईंनी सवयीने हॉलवर नजर फिरवली. पंपांच्या गडबडीत आठवडाभर फरशीला कुणाचा हात लागला नव्हता. बाक तेलकट होता, दाराच्या उंबऱ्याला बर्फाच्या पाण्याचे ओघळ वाळले होते.

“मास्तर,” बाई फक्त एवढंच म्हणाल्या, आणि पाटीकडे बघितलं.

“माहितेय मला.”

“उद्या पाहुणे आहेत.”

“बाई, माहितेय म्हटलं ना.”

मास्तर एकटे राहिले. बाहेर अजून लख्ख उजेड होता. ओढ्याच्या पलीकडे डोंगराचे चुनखडीचे कडे उन्हात पांढरे दिसत होते. मास्तरांनी बाह्या सारल्या, बादलीत गरम पाणी घेतलं, हिरवा साबण घातला आणि सुरुवात केली.

झाडायला लागलं की नेगेले मास्तरांचं मन शांत होत असे. इतर माणसं देवळात जातात, तळ्यावर जातात. मास्तर कोपऱ्यात जात. कोपऱ्यातून सुरुवात करून दाराकडे यायचं, वरून खाली यायचं, आणि डोक्यात काही ठेवायचं नाही. त्या दिवशी डोक्यात ठेवायला सुखाच्या गोष्टी होत्या, म्हणून तर ते आणखीच मोकळं सुटलं. त्यांनी फरशी घासली. बाकाचे पाय घासले. शिडी लावून दिव्यांच्या टोप्या पुसल्या, बाई हरल्या पाहिजेत म्हणून. खोलीच्या दाराची काच आतून-बाहेरून पुसली. उंबरा पुसला. आतला सांगाडा पुसला, नळ्या पुसल्या, नटबोल्टांच्या डोक्यांवरून एकेक करून फडका फिरवला. ते एक गाणं गुणगुणत होते, चर्चमधलं, ज्याचे शब्द त्यांना कधीच पाठ नव्हते. फडका एका ठिकाणी जरा अडला. काहीतरी खरखरीत, वाळून चिकटलेलं. मास्तरांनी अंगठ्याच्या नखाने ते खरवडलं, वर साबणाचा हात दिला, कोरड्या फडक्याने चमकवलं आणि पुढे गेले.

मग फडका बादलीत पिळला.

पाणी गुलाबी झालं.

मास्तर पिळलेला फडका हातात धरून उभे राहिले. गाणं थांबलं होतं. बराच वेळ त्यांनी पंपाकडे बघितलंच नाही. बादलीकडेच बघत राहिले, जणू बादली आपणहून खुलासा करील. शेवटी खाली बसून त्यांनी बॅटरी लावली. दोन पंप, दोन भोकं. दोन्ही कोरडी, दोन्ही लख्ख. पूर्वेकडच्या पंपाखालचं तर जरा जास्तच.

बादली ओतून टाकायचा त्यांना धीर झाला नाही. ती तशीच बाकाशेजारी ठेवून ते घरी गेले. बायकोने डाळ आणि शेवया पुढे ठेवल्या, वर दोन सॉसेज, कारण आजचा दिवस मोठा होता हे तिला माहीत होतं. मास्तरांनी सॉसेजला हात लावला नाही.

“केर झाला का?” बायकोने विचारलं.

“झाला.”

“मग असं तोंड का?” ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटातलं एक सॉसेज झाकून ठेवलं, उद्यासाठी.

शुक्रवारी सकाळी तिघे बादलीभोवती उभे होते. मास्तरांनी जे सांगायचं ते एका वाक्यात सांगून टाकलं होतं. दुसरं वाक्य नव्हतंच.

नुरेत्तिनने बादलीत डोकावलं. “नखाने?”

“नखाने.”

“मास्तर, माझ्या आईची शपथ, दुसऱ्या कुणी केलं असतं ना, तर त्याला मी या खोलीत घालून दार लावलं असतं.”

 शॉयफेलेबाई खाली बसल्या, पंपाखाली रुमाल फिरवला, रुमाल उजेडात धरून बघितला आणि घडी घालून खिशात ठेवला. “उत्तम पुसलंय,” त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. म्हणूनच मास्तरांना ते जास्त लागलं.

“बादली दाखवू या,” नुरेत्तिन म्हणाला.

“काय म्हणून? साबणाच्या पाण्यात लिहिलंय का, कुठल्या पंपाचं ते?” बाई उठल्या. “ऐका. टाकीत तेच पाणी आहे. ब्रशने एक ओघळ काढायचा. माझ्या गाडीत केस वाळवायचं यंत्र आहे. दहा मिनिटांचं काम.”

“खोटा डाग?” मास्तर म्हणाले.

“खोटा कसा? होता तोच. जागेवर परत ठेवायचाय.”

“परत ठेवला की तो खरा राहत नाही, बाई.”

“आणि नाही ठेवला तर आपण राहत नाही!” नुरेत्तिन ओरडला. “मास्तर, तुम्ही बाहेर जा. ओढ्यावर जा, बदकं मोजा. तुम्हाला काही माहीतच नाही. मी काढतो ओघळ.”

“नको.” मास्तरांनी त्याच्या हातातला ब्रश काढून घेतला. “चूक माझी. हात माझाच पाहिजे.”

ते खोलीत शिरले. ब्रश टाकीत बुडवला, पूर्वेकडच्या पंपाशी गुडघे टेकून बसले आणि हात वर नेला. टोकावर गुलाबी थेंब धरला होता. पंप आरशासारखा चमकत होता. त्यात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं, रुंद आणि वाकडं. खोटेपणा वाईट, हे तर होतंच. पण हात त्यासाठी थांबला नव्हता. स्वतःच्या आठवड्यात, स्वतः पुसलेल्या जागेवर, पाहुणे दारात असताना, आपल्या हाताने घाण लावायची, हे त्या हाताला जमत नव्हतं. दंडापर्यंत येत होतं आणि तिथून पुढे जात नव्हतं.

“लावा ना, मास्तर,” मागून नुरेत्तिन हळूच म्हणाला. लहान मुलाला दूध पाजताना म्हणतात तसं.

ब्रशचा थेंब खाली पडणार असं दिसताच मास्तरांचा दुसरा हात फडक्यासह आपोआप खाली गेला आणि त्याने तो वरच्यावर झेलला.

शॉयफेलेबाईंनी डोळे मिटले. आणि तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं. डॉक्टर हार्म्स उत्तरेकडचे. ते वेळेच्या आधी येत.

आत आल्यावर ते दारातच थांबले. त्यांनी फरशी बघितली, बाक बघितला, मान वर करून दिव्यांच्या टोप्या बघितल्या.

“बाप रे,” ते म्हणाले. “इथे तर शस्त्रक्रिया करता येईल.”

“काल पुसलंय,” मास्तर म्हणाले. मग एक श्वास घेऊन त्यांनी दुसरंही वाक्य म्हटलं. “डॉक्टर, त्यांचा पंप गळला होता. डाग होता. आम्ही तिघांनी बघितला. मी तो पुसला.”

डॉक्टर हार्म्सनी कॅमेऱ्याची पिशवी बाकावर ठेवली. “तुम्ही चाचणीचा पुरावा पुसलात?”

“हो.”

“का?”

“माझा आठवडा होता.”

डॉक्टर हार्म्सनी शॉयफेलेबाईंकडे बघितलं. बाईंनी मान डोलावली. नुरेत्तिनकडे बघितलं. त्यानेही मान डोलावली. तिघांनाही ते उत्तर पुरेसं वाटत होतं. मग नुरेत्तिनने कपाटावरच्या पाटीकडे बोट केलं, आणि डॉक्टर हार्म्स त्या केरसुणीकडे आणि दोन फुलांकडे एखाद्या परक्या देशाच्या झेंड्याकडे बघावं तसे बघत राहिले.

“तिघांनी बघितला म्हणता. ज्या तिघांचा पगार त्या डागावर आहे त्या तिघांनी.”

“अजून थोडे दिवस चालवा,” मास्तर म्हणाले. “पुन्हा गळेल. गळलेला पंप सुधारत नाही.”

“सोमवारी गाडीवाल्यांना शब्द द्यायचाय, नेगेले. सवड नाही.” हार्म्स खोलीशी जाऊन वाकले, बॅटरी लावली, दोन्ही भोकं बघितली, फोटो काढले. कॅमेरा दोनदा चमकला, आणि दोन्ही वेळा पंपही तेवढेच चमकले. मग ते गुडघ्यावर हात ठेवून उठले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. दयाच होती थोडी. “तुम्ही खरं बोलताय असं मला वाटतं. पण ते खरं धरलं तर हा हॉल पुरावे पुसतो. खोटं धरलं तर हा हॉल खोटं बोलतो. कसंही धरलं तरी हॉल चालू ठेवता येत नाही. त्यापेक्षा आपण म्हणू, दोन्ही पंप सारखे निघाले. त्यात तुमची अब्रू तरी राहते.”

मास्तरांनी हातातल्या फडक्याची घडी घातली. ते पंपांच्या बाबतीत हुशार होते.

“काय लिहायचं?” हार्म्सनी पेन पुढे केलं.

“जे दिसतं ते,” मास्तर म्हणाले. तीस वर्षं ते इतरांना हेच सांगत आले होते. त्यांनी दोन्ही पंपांपुढे ‘कोरडा’ लिहिलं आणि खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं.

“नाताळापर्यंत हॉल रिकामा करायला लागेल,” हार्म्स कोट घालताना म्हणाले. “यंत्रं पूर्वेकडे जातील. तुम्हाला सगळ्यांना कळवतीलच.” दारात ते घुटमळले. “हा साबण कुठला वापरता हो तुम्ही? नाही, फरशीला चकाकी छान आहे.”

“हिरवा,” मास्तर म्हणाले.

गाडी गेली. ती वळणापलीकडे दिसेनाशी होईपर्यंत तिघे खिडकीशी उभे होते, आणि दिसेनाशी झाल्यावरही उभे राहिले. मग नुरेत्तिन बाकावर बसला. घरी काय सांगायचं, असं तो स्वतःशीच दोन-तीनदा म्हणाला. काल फोनवर ओरडायला नको होतं, असंही म्हणाला. बाईंनी मीटर एकेक करून बंद केले. प्रत्येक दिवा मालवताना जो टक् आवाज होई तो त्या दिवशी जास्तच मोठा वाटला.

मास्तरांनी कॉफी ओतली. कप तिरका धरायचं त्यांच्या ध्यानात राहिलं. त्यांना आता काहीच आवेश नव्हता.

“मास्तर,” नुरेत्तिन म्हणाला. तो खोलीच्या उघड्या दारातून आत बघत होता. “बघा.”

पूर्वेकडच्या पंपाच्या पोटाखाली, त्या लख्ख पुसलेल्या जागी, एक थेंब धरला होता. गुलाबी, टपोरा, बोराएवढा. कालच्यासारखा वाळून जाणारा नव्हे. आता खोली गार होती. तो जरा लांबला, थरथरला, आणि चकचकीत फरशीवर पडला. वर दुसरा धरू लागला.

नुरेत्तिन दारापर्यंत धावला. “गाडी अजून पुलापर्यंतच गेली असेल! मी सायकलवर जातो! मास्तर, बोला ना!”

मास्तर त्या थेंबाकडे बघत होते. आयुष्यात जिंकलेली आपली एकुलती एक लढाई त्यांना तिथे फरशीवर पडलेली दिसली. “यंत्र थांबल्यानंतरचा थेंब,” ते सावकाश म्हणाले, “धरत नाहीत.”

नुरेत्तिनचा हात दाराच्या कडीवरून खाली आला.

“नाही धरत,” शॉयफेलेबाई म्हणाल्या.

तिसरा थेंब पडला.  हॉलमध्ये तेवढाच एक आवाज होता. फरशीवर आता तळहाताएवढं गुलाबी थारोळं झालं होतं, आणि दिव्यांच्या स्वच्छ टोप्या त्यात स्पष्ट दिसत होत्या.

मग बाईंनी कोट घातला, गळ्याशी रुमाल बांधला, हातमोजे चढवले. दाराशी जाऊन त्या थांबल्या, कपाटावरच्या पाटीकडे एकदा बघितलं आणि एकदा खाली.

“मास्तर,” त्या म्हणाल्या, “उद्या दुपारी पाटी माझ्याकडे येते. तेवढं जरा पुसून घ्या.”